रूप बदलणाऱ्या रोबोट फिगर्स कशा जमवाव्यात

कपाटात नुसती शोभेला ठेवायची वस्तू हवी असेल तर सरळ पुतळा घ्यावा. त्याच्या अंगावर सांध्यांच्या भेगा नसतात, पाठीवर गाडीचं छप्पर लोंबत नसतं आणि वर्षभराने त्याचा गुडघा ढिला पडत नाही. रूप बदलणारी फिगर घ्यायची ती उलगडायला आणि पुन्हा मिटवायला. अनेक संग्राहक हेच विसरतात आणि मग काचेमागे महागड्या, न हाताळलेल्या फिगर्सची रांग लागते. खालच्या प्रत्येक पायरीला म्हणून मी एकच कसोटी लावली आहे: ही फिगर वर्षातून दोन-चारदा तरी तुमच्या हातात येणार आहे का?

पायरी १: हद्द आखून घ्या

ताकारा या जपानी कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रो चेंज मालिकांतली खेळणी अमेरिकेच्या हॅस्ब्रोने घेतली आणि १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स या नावाने बाजारात आणली. त्यांतल्या गाड्या झकास होत्या, रोबोट मात्र ठोकळे. ट्रान्सफॉर्मर्सच्या कार्टूनमध्ये पडद्यावर धावणारा, वाकणारा रोबोट हातात घेतला की धड गुडघाही मुडपायचा नाही. ही उणीव भरून काढायला डिसेंबर २००३ मध्ये मास्टरपीस मालिका सुरू झाली. तिच्यातल्या फिगर्सना एमपी (मास्टरपीस) क्रमांक असतात. पहिला, एमपी-०१, म्हणजे ट्रक होणारा कथानायक ऑप्टिमस प्राइम, जपानी नाव कॉन्व्हॉय. जवळजवळ फूटभर उंच, आणि अंगात भरपूर डाय-कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेला, धातू.

इथे एक खाचखळगा आहे. २०११ च्या एमपी-१० मध्ये ऑप्टिमस लहान झाला आणि पुढच्या गाड्या त्याच्या मापाने येऊ लागल्या. २०१२ ची एमपी-१२ ही लाल लॅम्बोर्गिनी काउंटाच त्याच्याशेजारी शोभते. एमपी-०१ शेजारी ती पिल्लू वाटते. मास्टरपीस जमवायचं असेल तर एमपी-१० चं माप धरून चाला. २०१९ चा एमपी-४४ कार्टूनशी आणखी जुळतो, पण त्यासाठी अंगावरचे तुकडे वाढले आणि रूपांतर लांबलं. माझा कौल अजूनही एमपी-१० ला. तो सहज, हसतखेळत बदलतो.

मापाचा हट्ट फार ताणू नये, कारण मूळ कथेतच माप नाही. खलनायक मेगाट्रॉन आकसून कुणाच्याही मुठीत मावणारं पिस्तूल होतो. त्याची २००७ ची मास्टरपीस आवृत्ती, एमपी-०५, मिटल्यावर वॉल्थर पी-३८ पिस्तुलासारखी दिसते. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुकांबाबत अनेक देशांत कडक नियम आहेत, तेव्हा परदेशातून मागवण्याआधी आपल्याकडचे नियम बघावेत.

मास्टरपीस परवडत नसेल किंवा एवढी गुंतागुंत नको असेल तर हॅस्ब्रोच्या नेहमीच्या मालिका आहेत. त्यांत आकारांना नावं आहेत: डिलक्स साधारण १४ सेंटिमीटरची, व्हॉयेजर १८ च्या आसपास, त्यावर लीडर, आणि टायटन अर्धा मीटर किंवा त्याहून उंच. चित्रपटांतल्या रूपांसाठी २०१८ पासून स्टुडिओ सिरीज आहे. तिच्यात पात्रांची आपापसातली उंची सांभाळलेली असते. ज्यांना विमानं प्रिय आहेत त्यांनी मॅक्रॉस या जपानी कार्टून मालिकेतली व्हीएफ-१ व्हल्किरी जरूर पाहावी. ती लढाऊ विमानातून रोबोट होताना मध्ये एका तिसऱ्या रूपात थांबते: विमानाच्या धडाला पाय फुटलेले. या रूपाला गरवॉक म्हणतात. तिचा आराखडा शोजी कावामोरी यांचा. डायाक्लोनसाठीही त्यांनी काम केलं होतं, त्यामुळे मॅक्रॉस आणि ट्रान्सफॉर्मर्स या दोन्ही घराण्यांत नातं आहे.

हद्द एका वाक्यात लिहून ठेवा. ‘फक्त १९८४-८५ च्या गाड्या’, ‘फक्त विमानं’, ‘फक्त एकाच पात्राची वेगवेगळी रूपं’, काहीही चालेल. वाक्य लांबत गेलं तर ती हद्द नव्हे, खरेदीची यादी आहे.

पायरी २: पहिली फिगर मध्यम घ्या

सुरुवात व्हॉयेजर आकाराने करावी. सांधे मोठे असतात, रूपांतर मोजक्या टप्प्यांत होतं आणि बोटांना सवय लागते. घेण्याआधी तिच्या रूपांतराचा व्हिडिओ पूर्ण बघा, सुरुवातीचं कौतुक तेवढं नव्हे. बघता बघता कंटाळा आला तर हातात घेतल्यावर दुप्पट येईल. त्याच व्हिडिओत दोन गोष्टी हेरा. एक, काही तुकडे काढून दुसरीकडे लावावे लागतात का? याला कलेक्टर मंडळी पार्ट्सफॉर्मिंग म्हणतात. काहींना चालतं, मला खटकतं. दुसरं, गाडी झाल्यावर रोबोटचे हात खालून दिसतात का? दिसले तर ती गाडी कपाटात नेहमी एकाच कोनातून ठेवावी लागेल.

पायरी ३: खरेदी

नवी फिगर शक्यतो प्री-ऑर्डरने घ्यावी. रद्द करण्याचे नियम आधी वाचावेत, कारण माल यायला महिने लागतात आणि तारखा सरकत राहतात. बाजारातून निघून गेलेल्या फिगरसाठी मात्र घाई नको. लोकप्रिय साचे पुन्हा निघतात, कधी त्याच नावाने तर कधी नव्या रंगात. फेरआवृत्ती जाहीर झाली की चढलेले भाव उतरतात.

मग येतात थर्ड पार्टी कंपन्या. हक्कधारकांची परवानगी न घेता, नाव बदलून, त्याच पात्रांच्या स्वतः आखलेल्या फिगर्स त्या काढतात. काहींचं काम अप्रतिम असतं, पण तुटलं-फुटलं तर दाद मागायला मूळ कंपनी नसते. नॉकऑफ हा प्रकार वेगळा: अधिकृत फिगरची सरळ नक्कल, कधी मुद्दाम मोठ्या आकारात. विक्रेता आवृत्तीचं नाव टाळत असेल, फोटो फक्त कंपनीच्या जाहिरातीतले असतील, खोक्यावर निर्मात्याची खूण नसेल, तर काय समजायचं ते समजून घ्या.

जुनी फिगर घेताना दोन्ही रूपांतले फोटो मागा. फक्त गाडीचा फोटो देणाऱ्याकडे बहुधा सांगण्यासारखा रोबोट उरलेला नसतो. सोबतच्या शस्त्रांची यादी तपासा. आणि सोनेरी, चमचमत्या कणांचं प्लॅस्टिक असेल तर दूरच राहा. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या अनेक खेळण्यांत हे प्लॅस्टिक आतून ठिसूळ होत जातं आणि खोकं न उघडताही सांध्यांतल्या पिनांभोवती तडकतं. त्यावर इलाज नाही.

पायरी ४: पहिलं रूपांतर

ही पायरी सावकाश करायची. टेबलावर मऊ कापड पसरा, चांगला उजेड घ्या, शेजारी सूचनापत्रक ठेवा. खोक्यातून काढण्याआधी फिगर कशी बसवली होती त्याचा फोटो काढून ठेवा. पुन्हा आत घालताना तोच कामी येतो.

आधी काही न बदलता नुसते सांधे फिरवून बघा. सांध्यांचे मुख्य प्रकार तीन. रॅचेट कट्-कट् आवाज करत ठरावीक अंतरावर थांबतो. घर्षणाचा सांधा आवाज न करता कुठेही थांबतो. गोळीचा सांधा, म्हणजे खोबणीत बसलेली गोळी, सगळीकडे फिरतो आणि जोर पडला तर निसटतो. बहुतेकदा तो पुन्हा दाबून बसवता येतो. कुठला सांधा कोणता हे बोटांना कळलं की निम्मं काम झालं. दोन्ही हात, दोन्ही पाय जुळवून बघा. कारखान्यात उजवा तुकडा डाव्या बाजूला बसवला जाणं ही या छंदातली नेहमीची तक्रार आहे, आणि बदलून मागायची ती आत्ताच.

आता पत्रकाप्रमाणे एकेक टप्पा. काही अडलं तर जोर लावायचा नाही. गाडीचं दार बाहेर वळत नाही, कारण खांद्यामागची बारीक खिट्टी अजून खाचेत आहे; ती नखाने उचलली की दार आपोआप सुटतं. जवळपास प्रत्येक अडथळा असाच असतो, आधीचं काहीतरी सोडायचं राहिलेलं. बिजागरीजवळ रंगीत प्लॅस्टिकवर पांढुरकी रेघ उमटताना दिसली तर तिथेच हात थांबवा. ती ताणाची खूण आहे. रेघ जात नाही आणि पुढचा टप्पा तडा असतो. पारदर्शक भागांना, म्हणजे गाडीच्या काचांना, तर विशेष जपा, ते वाकत नाहीत, फुटतात. रंगवलेले दोन भाग एकमेकांना घासत असतील तर मध्ये पातळ कागद सरकवून पुढे जा.

शेवटचा टप्पा बहुधा सगळ्यात हट्टी असतो: छप्पर, दारं आणि बॉनेट एकाच वेळी बसायला हवीत आणि एक दाबलं की दुसरं उचलतं. फट राहिली की बाहेरून रेटू नये. आत दुमडलेला एखादा पाय किंवा मूठ दोन मिलिमीटर तिरकी असते, ती सरळ केली की सगळ्या फटी एकदम मिटतात. तो ‘टक्’ आवाज ऐकण्यासाठीच आपण हे पैसे घालवतो.

दुसरं आणि तिसरं रूपांतर त्याच आठवड्यात करा. पत्रकाविना जमू लागलं की फिगर खरी तुमची.

पायरी ५: ढिले आणि घट्ट सांधे

स्क्रू असेल तर आधी तोच पाव वळसा आवळून बघा, तोही नेमक्या मापाच्या स्क्रूड्रायव्हरने. गोळीचा सांधा ढिला असेल तर गोळीवर पाण्यात विरघळणाऱ्या पारदर्शक ॲक्रेलिकचा पातळ थर द्या आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. नेलपॉलिश टाळावं, त्यातली द्रावणं प्लॅस्टिकला खाऊ शकतात. फार घट्ट सांध्याला प्लॅस्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस काडीच्या टोकाने लावावं. गंज सोडवायचे फवारे वापरू नयेत. पिन काढायची वेळ आली तर तिची टोकं भिंगातून बघा: एका टोकाला बारीक दाते असतात. ठोका गुळगुळीत टोकावर, म्हणजे दातेरी टोक बाहेर येईल. उलट ठोकलंत तर भोक मोठं होतं.

पायरी ६: ठेवणं

थेट ऊन नको. पांढरं आणि करडं प्लॅस्टिक पिवळं पडतं, काही तर अंधारातही. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि प्रकाशाने ते उजळवता येतं, पण पिवळेपणा परतू शकतो आणि अंगावर डाग उठू शकतात. दुर्मिळ फिगरवर हा प्रयोग नको. दिवे लागणारी फिगर असेल तर ठेवण्याआधी बटण-सेल काढावेत. मऊ रबरी टायर दुसऱ्या फिगरच्या कडक प्लॅस्टिकला वर्षानुवर्षं टेकलेले राहू देऊ नयेत, त्यांतला मऊपणा आणणारा द्रव झिरपून खळगा पाडतो. धुळीला मऊ ब्रश पुरतो.

रोबोट उभा करताना वजन टाचांवर सरळ येऊ द्यावं. एका पायावरची झेप फोटोपुरती ठीक. महिनोन्महिने तशी ठेवली तर घोटा ढिला पडतो. ठरावीक काळाने सगळ्यांची रूपं बदलावीत: या वेळी गाड्या, पुढच्या वेळी रोबोट. एकाच ताणात फार काळ अडकलेला सांधा यातून सुटतो आणि तडे वेळेत दिसतात.

हे करताना एखादी फिगर तुम्ही दर वेळी टाळताय असं लक्षात येईल. ती विकून टाका. दोन्ही रूपांतले फोटो द्या, ढिला सांधा असेल तर तसं स्पष्ट लिहा, शस्त्रं आणि सूचनापत्रक एका झिपच्या पिशवीत घाला आणि फिगर ज्या रूपात खोक्यात आली होती त्याच रूपात परत बसवून पाठवा. खोक्यातला साचा त्याच रूपाच्या मापाचा असतो.