उजेडाचा बिल्ला: दिवसभर डोळ्यांसमोर किती प्रकाश येतो हे मोजणारं उपकरण घरी बनवा

मनगटावरच्या घड्याळांतही आता उजेडाची नोंद मिळते. ॲपलचं घड्याळ वॉचओएस १० पासून उघड्यावरच्या उजेडात घालवलेली मिनिटं दाखवतं. पण मनगट बाहीत जातं, टेबलाखाली जातं, आणि शरीराच्या घड्याळाला उजेड कळतो तो डोळ्यांतूनच. दृष्टिपटलातल्या मेलॅनॉप्सिन असलेल्या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. म्हणून मोजायचा तो समोरून, डोळ्यांच्या दिशेने येणारा उजेड. छातीवरचा बिल्ला या मोजमापाच्या बराच जवळ जातो. चष्म्याच्या काडीवरचा आणखी जवळ, पण तो आठवडाभर घालून वावरणं कठीण.

सामान थोडंच लागतं: शाओ ईएसपी३२-सी३ हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, उजेड मोजणारा व्हीईएमएल७७०० सेन्सर, डीएस३२३१ घड्याळ-मॉड्यूल, ५०० एमएएच (मिलीअँपिअर-तास) क्षमतेचा लिथियम पॉलिमर सेल आणि पातळ प्लॅस्टिकची डबी. बीएच१७५० सेन्सर स्वस्त आहे, कुठेही मिळतो. पण नेहमीच्या सेटिंगवर तो ५४,६०० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं एकक) आसपास अडकतो. मे महिन्यातलं दुपारचं ऊन सहज एक लाखाच्या वर जातं. सेल मात्र ५०० एमएएचहून लहान घेऊ नका. बोर्डावरचा चार्जर ३०० मिलीअँपिअरहून जास्त प्रवाह देतो आणि १०० किंवा १५० एमएएचच्या इवल्या सेलला तो झेपत नाही.

सेन्सर आणि घड्याळ दोन्ही आयटूसीवर, म्हणजे एसडीए आणि एससीएल या दोन सामायिक तारांवरून बोलण्याच्या पद्धतीवर, चालतात आणि दोघांचे पत्ते वेगळे आहेत. त्यामुळे दोघांच्या एसडीए तारा डी४ ला, एससीएल डी५ ला आणि वीज ३.३ व्होल्टच्या पिनला जोडा. सेलच्या तारा बोर्डाच्या मागच्या बाजूला सोल्डर करण्याआधी अधिक-उणे मल्टिमीटरने तपासा; उलट जोडल्या तर बोर्ड गेलाच. घड्याळ-मॉड्यूलवरचा सतत पेटणारा छोटा दिवा काढून टाका. दोन वाचनांच्या मधे झोपलेल्या बाकीच्या सर्किटला लागते त्याहून जास्त वीज तो एकटा खातो. घड्याळ वेगळं घ्यायचं कारण असं की गाढ झोपेत बोर्डाचं स्वतःचं घड्याळ तापमानाबरोबर भरकटतं, दिवसाला काही मिनिटंही चुकतं. डीएस३२३१ वर्षाला मिनिटभरच इकडेतिकडे होतं.

आता सगळ्यात नाजूक काम, सेन्सरवरचा पांढरा पडदा. नळाच्या आट्यांना गुंडाळायची टेफ्लॉन टेप घ्या आणि तिचे तीन थर सपाट, न ताणता लावा. ताणलेली टेप मधे पातळ होते आणि एका बाजूचा उजेड जास्त आत सोडते. पडदा डबीच्या पृष्ठभागाला समतल हवा, किंचित वर आला तरी चालेल. दोन-तीन मिलिमीटर आत राहिला तर डबीची कड तिरपा उजेड अडवते आणि बिल्ला नाकासमोरचंच बघतो. झटपट चिकटणारा गोंद इथे वापरू नका, त्याच्या वाफेने सेन्सरवर पांढरट धूसर थर बसतो. हॉट ग्लू किंवा दुहेरी टेप पुरते.

पडदा जमला का, ते असं बघा. अंधाऱ्या खोलीत एक मीटरवर बल्ब लावा, बिल्ला सरळ त्याच्याकडे करा आणि आकडा लिहून ठेवा. मग बिल्ला जागच्या जागी ६० अंश वळवा. आकडा निम्म्यावर यायला हवा. फारच खाली गेला तर पडदा आत बसला आहे.

प्रोग्रॅममध्ये दर ३० सेकंदांनी एक वाचन पुरे. सुरुवात १/८ गेन (सेन्सरची संवेदनशीलता) आणि १०० मिलिसेकंद (एका वाचनासाठी उजेड गोळा करायचा वेळ) यांनी करा. कच्चा आकडा १०० च्या खाली आला तर गेन वाढवा, १०,००० च्या वर गेला तर वेळ कमी करा. सेटिंग बदलल्यावरचं पहिलं वाचन टाकून द्या, ते जुन्या सेटिंगचं असू शकतं. १,००० लक्सच्या वर हा सेन्सर सरळ रेषेत चालत नाही. उत्पादकाने दिलेलं दुरुस्तीचं सूत्र लावलं नाही तर ऊन कमी दिसतं. वेळ आणि लक्स मिळून एका नोंदीला आठ बाइट, म्हणजे आठवड्याला १६० केबीच्या आसपास. वीस नोंदी साठल्या की एकदम फ्लॅशमध्ये, म्हणजे बोर्डाच्या कायमच्या मेमरीत, लिहा, वीज वाचते. वायफाय बंदच ठेवा.

टेपमुळे आकडे उतरतात, म्हणून लक्समीटर शेजारी धरून पाच ठिकाणी ताडून पाहा: भर ऊन, सावली, खिडकी, ट्यूबलाइट, रात्रीचा दिवा. या पाचांवरून एकच गुणक काढा. मोबाइलच्या सेन्सरवर भरवसा ठेवू नका, त्याचं मोजमाप फोनागणिक वेगळं असतं.

बिल्ला गळपट्टीखाली, समोर तोंड करून, सेफ्टी पिनने लावा. पदर, ओढणी, रेनकोट किंवा बॅगेचा पट्टा त्याच्यावर आला की दुपारी दोन वाजताही रात्र नोंदली जाते. आंघोळीला जाताना तो काळ्या कापडी पिशवीत ठेवा आणि वेळ डायरीत लिहा. मग दिवसातलं सलग शून्य म्हणजे ‘घातला नव्हता’ हे नंतर ओळखता येतं. झोपताना तो उशाशी, उघडा ठेवा.

आकडे वाचताना सरासरी काढू नका. समजा दहा मिनिटं ६०,००० लक्सच्या उन्हात गेली आणि बाकीचे चौदा तास १०० लक्सच्या खोलीत. सरासरी येते ८०० च्या वर, दिवस लख्ख गेल्यासारखा वाटतो, आणि चौदा तासांचा अंधुकपणा दडून राहतो. त्यापेक्षा मिनिटं मोजा. या विषयातल्या शास्त्रज्ञांच्या गटाने २०२२ मध्ये दिलेल्या शिफारशी अशा: दिवसा डोळ्यापाशी किमान २५०, झोपेआधीच्या तीन तासांत जास्तीत जास्त १०, झोपेत जास्तीत जास्त १. मात्र हे आकडे मेलॅनॉपिक लक्सचे, म्हणजे त्या मेलॅनॉप्सिनच्या पेशींना जाणवणाऱ्या उजेडाचे आहेत. साध्या लक्सवरून तिथे जायला दिव्याप्रमाणे गुणायचं: दिवसाच्या उजेडाला १, २,७०० केल्व्हिनच्या (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगछटेचं माप) पिवळसर एलईडीला सुमारे ०.४५, ४,००० च्या दिव्याला ०.६ च्या आसपास, ६,५०० च्या पांढऱ्याशुभ्र ट्यूबला ०.९ च्या आसपास. केल्व्हिन दिव्याच्या खोक्यावर छापलेला असतो. कोणत्या खोलीत कोणता दिवा आहे, हे बिल्ल्याला कळत नाही. ती यादी डायरीच्या पहिल्या पानावर लिहा, नाहीतर संध्याकाळचे आकडे दुपटीने चुकू शकतात.