कुत्र्याची जंताची गोळी: तोंडात नव्हे, पोटात गेली पाहिजे

शीमध्ये जंत दिसले तरच औषध द्यायचं, हा समज आधी सोडा. पिल्लांना गोल जंत आईच्या गर्भातच लागतात आणि हूकवर्म हे रक्त पिणारे जंत तिच्या दुधातून येतात. पिल्लू मळ्यावर जन्मलेलं असो की पैसे मोजून आणलेलं, पोटात जंत आहेत असंच धरून चालायचं.

आता गावठी सल्ले. ‘भाकरीत लसूण ठेचून द्या’ हे चाळीसगावपासून शहाद्यापर्यंत कोणीही छातीठोक सांगेल. लसणाने जंत मरत नाहीत, कुत्र्याच्या तांबड्या पेशी मात्र फुटतात. हूकवर्म आधीच आतड्याला चिकटून त्याचं रक्त पीत असतात, त्यात तुम्ही ही भर घालता. कांद्याचंही तेच, म्हणून उरलेलं भरीत त्याच्यापुढे टाकू नका. गोठ्यातलं गुरांचं औषध ‘थोडंसं’ पाजणारे तर मला अजिबात चालत नाहीत. आयव्हरमेक्टिनचा गुरांचा डोस काही जातींच्या कुत्र्यांच्या जिवावर बेततो.

वजन करा. मोठ्या कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. लहान पिल्लू पिशवीत घालून कापसाच्या टांगत्या काट्याला लावलं तरी चालतं. प्राझिक्वांटेल, पायरँटेल आणि फेबँटेल असलेली गोळी बहुधा दहा किलोला एक असते. तरी पाकीट वाचा, जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. उपाशी ठेवायची गरज नसते. अगदी लहान पिल्लांना पातळ औषध मिळतं.

खरी लढाई इथून पुढे. ‘औषध लागू पडत नाही’ म्हणणाऱ्यांच्या घरी खाटेखाली झाडून बघा, निम्म्या गोळ्या तिथे सापडतील. आमच्या जळगावाकडे केळ्याला तोटा नाही, त्यामुळे जो तो केळ्यात गोळी खुपसतो. हुशार कुत्रा केळं खातो आणि गोळी चाटूनपुसून फरशीवर ठेवतो. मीही यात बरेच दिवस झगडलो आहे. गोळी कुटून दुधात घालू नका. ती कडू असते. एकदा तोंडाला फेस आला की पुढच्या वेळी साध्या दुधालाही तो तोंड लावणार नाही.

खाऊ घालूनच द्यायची तर तीन घास करा. दादरची, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीची, भाकरी दुधात मऊ करून छोटे गोळे वळा. पहिला रिकामा. दुसऱ्यात गोळी. दुसरा तोंडात जाताच तिसरा नाकासमोर धरा. तिसऱ्याच्या हव्यासात दुसरा न चावता आत जातो. गोळी हाताळलेल्या बोटांनी पहिल्या घासाला शिवू नका, वास लागतो.

नाहीच जमलं तर हातानेच. कुत्र्याची पाठ कोपऱ्याला लावून त्याला बसवा, तुम्ही बाजूला बसा. समोर बसलात की तो मागे सरकतो. डाव्या हाताने वरचा जबडा सुळ्यांच्या मागून धरा, त्याचेच ओठ दातांवर दुमडून घ्या, म्हणजे तो चावायला कचरतो. नाक वर करा, खालचा जबडा आपोआप सैल होतो. तूप लावलेली गोळी जिभेच्या मधोमध, उंचवट्याच्या पलीकडे ठेवा. अलीकडे ठेवली तर ती बाहेर येणारच. तोंड मिटा, नाक पुन्हा खाली आणा आणि गळा चोळा. जीभ नाकावरून फिरली की गिळलं समजा. मग गालाच्या कडेने सिरिंजने थोडं पाणी, हळूहळू. डोकं वर धरून पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. चावरा कुत्रा असेल तर हे करू नका, सरळ दवाखान्यात न्या. सोडल्यावर लगेच पाठ फिरवू नका. गालात लपवलेली गोळी अंगणाच्या कडेला जाऊन थुंकणारे मी पाहिले आहेत.

नंतर शीमध्ये लांब पांढरे जंत पडले तर घाबरू नका, औषध काम करतंय. हिरड्या पांढुरक्या दिसत असतील किंवा शी डांबरासारखी काळी असेल, तर घरी काही करत बसू नका, दवाखाना गाठा.

गुदद्वाराशी भाताच्या शितासारखे वळवळणारे तुकडे दिसले तर तो टेपवर्म, म्हणजे चपटा जंत, आणि तो पिसवांमुळे होतो. कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो, तिच्यात जंताची अळी असते. पिसवांचं औषध केलं नाही तर गोळीवर गोळी देत बसाल. त्याचं गोणपाट धुऊन उन्हात टाका.

शी रोज उचला, खोल पुरा. गोल जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. पावसाळ्यात ओल्या मातीतले हूकवर्म तर अनवाणी पोरांच्या पायातूनही शिरतात.

जंताचं औषध पिल्लाला दोन आठवड्यांचं असल्यापासून दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांचं होईपर्यंत. मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. पुढे दर तीन महिन्यांनी. तारखा लक्षात राहत नसतील तर आखाजी (अक्षय्य तृतीया), श्रावणातली कानबाई, दिवाळी आणि संक्रांत धरा.