जाड पिनचा कनेक्टर आणि ग्राउंडची पिन: सोल्डरिंग शिकणाऱ्यांसाठी

रबाळे, महापे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आयटीआय, डिप्लोमा करून कामाला लागलेली मुलं-मुली रेझिस्टर, आयसी झटपट लावतात. अडतात ती पॉवर कनेक्टरपाशी. चार्जर आणि मोटर ड्राइव्हच्या बोर्डांवर मी हेच काम करते, नवीन आलेल्यांना शिकवतेही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ग्राउंडची पिन बोर्डभर पसरलेल्या तांब्याला जोडलेली असते. दिलेली उष्णता ते तांबं तिथल्या तिथे ओढून घेतं. ६३-३७ (कथील-शिसं) सोल्डर १८३ अंशांना वितळतं, लेड-फ्री म्हणजे बिनशिशाचं साधारण २१७ च्या पुढे. सोल्डरिंग स्टेशनवर तर ३५० दिसतंय, मग सोल्डर का धरत नाही? कारण तो आकडा बिटचा, म्हणजे आयर्नच्या टोकाचा आहे, पिनचा नाही. पणतीची ज्योत कितीही गरम असली तरी तिच्यावर हंडाभर पाणी तापत नाही.

अशा वेळी बहुतेकांचा हात नॉबकडे जातो. ४५० केलं की फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो) जळतो, बिट काळं पडतं, पॅड (पिनभोवतीचं बोर्डावरचं तांबं) उचकटतो, पिन मात्र थंडच. त्याऐवजी बिट बदला. बारीक टोकाचं काढून रुंद, चपटं चिझल बिट लावा, त्यावर थोडं ताजं सोल्डर घ्या आणि पिन व पॅड दोन्हींना एकदम टेकवा. फ्लक्स आधीच लावून ठेवा. २५ वॉटची साधी आयर्न इथे पुरत नाही, दमदार स्टेशनच हवं.

तरीही जमत नसेल तर बोर्ड खालून प्रीहीटरवर शंभरेक अंशांपर्यंत सावकाश तापवा. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. फक्त जवळच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर किती अंश छापलेत ते आधी पाहा, ८५ की १०५.

आता नजर पिनवर ठेवा. सुरुवातीला सोल्डर गोळ्यासारखं वर बसून राहतं. पिन तापली की ते एकदम पसरतं, पिनच्या कडेने चढतं आणि भोकात खाली उतरतं. त्या क्षणी थोडी तार आणखी द्या, किंचित थांबा, मग आयर्न उचला. गार होईपर्यंत बोर्ड हलवायचा नाही, फुंकरही मारायची नाही.

एक्सटी-६० सारख्या प्लास्टिकच्या पॉवर कनेक्टरला सोल्डर करताना त्याची जोडी, म्हणजे समोरचा कनेक्टर, आत खोचून ठेवा. प्लास्टिक मऊ झालं तरी पिन सरकत नाहीत.

मग बोर्ड उलटा करून कनेक्टरच्या बाजूने बघा. पिनभोवती सोल्डरचं कडं दिसलं तर उत्तम. आयपीसी-ए-६१० या बोर्ड तपासणीच्या मानकाप्रमाणे भोक साधारणपणे किमान ७५ टक्के भरलेलं लागतं. वरून चकचकीत आणि आत पोकळ असा जॉइंट टेस्टिंगला पास होतो, पण करंट वाढला की तिथेच तापतो.

सरावासाठी रिजेक्ट झालेले पॉवर सप्लायचे बोर्ड सुपरवायझरकडे मागून घ्या आणि त्यांच्या ग्राउंडच्या पिनांवरच हात बसवा.