थंड पाण्यात खोल जाण्याआधी रेग्युलेटर बघा

तारकर्लीला, नेत्राणीला नाहीतर अंदमानात डायव्हिंग शिकून इंग्लंडात आलेल्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "थंडी सोसवेल का?" सोसवते. ड्रायसूट (आत पाणी न येणारा पोशाख), आत फ्लीसचे दोन थर, डोक्याला जाड हूड, हातात ५ मिलिमीटरचे ग्लोव्हज, एवढं असलं की अर्धा तास निभावतो. मला काळजी वाटते ती तुमच्या रेग्युलेटरची, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून तोंडात देणाऱ्या यंत्राची. २८ अंशांच्या पाण्यात शिकताना त्याच्या थंडीचा विचार कोणाच्या मनातही येत नाही.

आम्ही मित्रमैत्रिणी हिवाळ्यातला एखादा शनिवार-रविवार लेस्टरशरमधल्या स्टोनी कोव्हला काढतो. ग्रॅनाइटची जुनी खाण, आता पाण्याने भरलेली. खाणकामाचे टप्पे पाण्याखाली तसेच आहेत: पहिला साधारण ६-७ मीटरवर, दुसरा २०-२२ वर आणि तळ ३५ च्या आसपास. मधल्या टप्प्यावर स्टेनगार्थ नावाची टगबोट आहे, १९१० सालची, २००० साली डायव्हर्ससाठी मुद्दाम बुडवलेली. बोटीने जायला लागत नाही, लाटा नाहीत, प्रवाह नाही, टप्प्याटप्प्याने खोल उतरता येतं. शिकायला फार चांगली जागा. पण एवढी सोय बघून माणूस सैलावतो, आणि हिवाळ्यात खालचं पाणी ५-६ अंशांवर आलेलं असतं.

पुढचा भाग मी लांबवणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

सिलिंडरमधली हवा २०० बार दाबाला असते. फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग, ती भोवतालच्या दाबापेक्षा साधारण १० बार जास्त, इतक्यावर उतरवतो. दाब असा एकदम उतरला की हवा गार होते. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबून हवा सोडली की बोटाला गारवा लागतो ना, तेच. फक्त इथे हवा शून्याच्या पुष्कळ खाली जाते. तारकर्लीत भोवतालचं कोमट पाणी फर्स्ट स्टेजच्या धातूला सतत ऊब देत राहतं, म्हणून काही जाणवत नाही. ५ अंशांच्या पाण्याजवळ द्यायला ऊबच फारशी नसते. धातू गार पडतो, त्याला लागलेल्या पाण्याचा बर्फ होतो, झडप पुरती मिटत नाही. तोंडातल्या सेकंड स्टेजमध्ये तुमच्याच श्वासातली वाफ गोठते. मग हवा आपोआप सुटायला लागते, आणि जितकी जास्त सुटते तितकं सगळं आणखी गार होतं. हाच फ्री-फ्लो. एकदा सुरू झाला की खोलात तो आपण होऊन थांबेल याची वाट बघू नका.

आता यात खोली मिळवा. ३५ मीटरवर दाब ४.५ बार. वर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस तिथे ९० लिटर ओढतो. म्हणजे फर्स्ट स्टेजमधून साडेचारपट हवा जाते आणि तो तितकाच जोरात गार होतो. शिवाय खाणीतलं पाणी गोडं, ते शून्याला गोठतं. समुद्राचं पाणी उणे १.९ च्या आसपास. तेव्हा "खाण म्हणजे समुद्रापेक्षा सोपी" हे रेग्युलेटरच्या बाबतीत साफ खोटं आहे.

माझ्यावर ही वेळ आली ती तळाजवळ, ३३ मीटरवर. रेग्युलेटर शहरातल्या एका दुकानातून भाड्याने आणलेला होता. आधी श्वास सोडल्यावरही बारीक फुसफुस ऐकू आली, आणि दोन-तीन श्वासांत तोंडात हवेचा लोंढा. बुडबुड्यांनी समोरचं काही दिसेना. शिकवल्याप्रमाणे बडीचा, म्हणजे जोडीदाराचा, ऑक्टोपस (दुसऱ्याला द्यायचा जादा सेकंड स्टेज) घेतला, बडीने माझ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला, आम्ही एकमेकांचा पट्टा धरून वर निघालो. इथवर सगळं पुस्तकाबरहुकूम झालं होतं. २५ मीटरच्या आसपास बडीचाही रेग्युलेटर फुसफुसायला लागला.

हा खरा सापळा, आणि तो गरम पाण्यातल्या शिक्षणात कोणी दाखवत नाही. हवा संपली की बडीचा ऑक्टोपस, हे आपल्या हाडात भिनलेलं असतं. पण घाबरलेली दोन माणसं एकाच फर्स्ट स्टेजवर ओढायला लागली की त्यातून दुप्पट-तिप्पट हवा जाते, आणि तोही गोठायच्या बेताला येतो. वर येताना एखाद्याने बीसीडीत, म्हणजे तरंगायच्या जॅकेटात, हवा भरायचं बटण दाबलं तर आणखीच. आम्हाला वाचवलं ते आमच्याबरोबरच्या तिसऱ्या मैत्रिणीच्या पोनीने, म्हणजे तिच्या पाठीवरच्या ३ लिटरच्या वेगळ्या सिलिंडरने. त्याला स्वतःचा स्वतंत्र फर्स्ट स्टेज होता. मी पोनीवर आले, बडीने हळूहळू श्वास घेत आपला रेग्युलेटर सावरला, ५ मीटरवर थांबून आम्ही वर आलो.

वर आल्यावर पोनीवाल्या मैत्रिणीने माझा फर्स्ट स्टेज उलटा करून त्यावरची कोरीव अक्षरं दाखवली. युरोपातला रेग्युलेटर ईएन २५० या मानकाचा असतो, आणि थंड पाण्याची चाचणी त्याने दिलेली नसेल तर शेजारी १० अंशांहून जास्त असं चिन्ह असतं. माझ्यावर ते होतं, नखाएवढं. थंड पाण्याची चाचणी ४ अंशांच्या पाण्यात होते. मानकाच्या आकड्यापुढे ए असेल तर ऑक्टोपसवर दुसरा माणूस श्वास घेत असतानाचीही चाचणी झालेली असते. तुम्हाला ए हवा आणि १० चं चिन्ह नको. दुकानदार "चालतो, सगळे नेतात" म्हणाला तरी अक्षरं स्वतः वाचा. चांगला रेग्युलेटरही गोठू शकतो, पण त्याला गोठायला बरंच कारण लागतं.

ते कारण आपण देऊ नये. काठावर गार हवेत उभं राहून रेग्युलेटरमधून श्वास घेऊन बघू नका, तोंड पाण्याखाली गेल्यावरच घ्या. सेकंड स्टेजवरचं पर्ज बटण, म्हणजे हवा जोरात सोडणारं बटण, दाबू नका. ड्रायसूटमध्ये हवा भरताना छोटे छोटे टप्पे, आणि श्वास घेत असताना बटण दाबायचंच नाही. तळाशी जोरात पाय मारू नका. खोलातल्या नशेलाही, म्हणजे नार्कोसिसला, धाप आणि थंडी दोन्ही मदत करतात.

हवेचा हिशोबही बदलतो. आपल्याकडे ५० बार उरले की वर यायची सवय लागलेली असते. ३५ मीटरवर दोघं घाबरून मिनिटाला ३०-३० लिटर ओढताहेत असं धरा. तळाशी गोंधळ आवरायला एक मिनिट: २७० लिटर. मिनिटाला १० मीटरने वर यायला साडेतीन मिनिटं: सुमारे ५८० लिटर. ५ मीटरवर तीन मिनिटं: २७०. एकूण अकराशेच्या वर, म्हणजे १२ लिटरच्या सिलिंडरमधले ९० बारपेक्षा जास्त. तेव्हा तळ सोडायचा तो १०० ला. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर अजून वेळ आहे म्हणत असला तरी.

एक गोष्ट मी स्पष्टच सांगते. दोन दिवसांत अ‍ॅडव्हान्स्डचं कार्ड मिळतं आणि त्यावर ३० मीटर लिहिलेलं असतं, पण ते कार्ड थंड पाण्याचं नसतं. पैसे भरून लगोलग ४० चं डीप कार्ड करायची घाई नको. त्यापेक्षा बीएसएसीचा, म्हणजे ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लबचा, जवळचा क्लब गाठा. १९५३ पासून ही मंडळी याच पाण्यात डुबताहेत, शिकवणारे बहुतेक बिनपगारी असतात, आणि म्हणून तुम्हाला नाही म्हणायला त्यांचं काही जात नाही. मला शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या घरातल्या आहेत. त्या खोल न्यायच्या आधी ६ मीटरवर बसवून ग्लोव्हज घातलेल्या हातांनी पोनीचा रेग्युलेटर शोधायला लावतात, डोळे मिटून, पुन्हा पुन्हा. "मी किती खोल गेलोय" हे आधी सांगणारा गुरू मला नको वाटतो.

घाबरून जाऊ नका मात्र. फ्री-फ्लोमध्येही हवा मिळतच असते. ओठ सैल सोडा, बुडबुड्यांतून चहाचे घोट घेतल्यासारखी हवा घ्या, बाकीची कडेने जाऊ द्या, पोनीवर जा आणि वर निघा. उथळ पाण्यात पर्ज दाबून शिक्षक हे करून घेतात. दोन-चार वेळा केलं की छातीतली धडधड खरंच कमी होते. आम्ही त्या रविवारी पुन्हा उतरलो, दुसरा रेग्युलेटर घेऊन, स्टेनगार्थपर्यंतच. हिवाळ्यात शेवाळ कमी असल्याने पाणी छान निवळतं. कठड्याशी पर्च माशांचा थवा होता, आणि जरा पलीकडे एक पाईक कितीतरी वेळ जागचा हलला नाही.

पहिल्या वेळेला सप्टेंबर-ऑक्टोबर निवडा. वरचं पाणी तेव्हा ऊबदार असतं, सराव बिनघोर होतो, आणि खालचा गार थर कसा असतो तेही कळतं. मार्चमधलं ऊन बघून फसू नका. पाणी हवेच्या मागून तापतं, वर कोवळं ऊन पडलेलं असताना खाली वर्षातलं जवळपास सगळ्यात गार पाणी असतं. दुकानातला भाड्याचा रेग्युलेटर आठवडाभर आधी ठरवा. शुक्रवारी संध्याकाळी गेलात तर ए वाले सगळे गेलेले असतात.