ट्रेनिंगची नवीन बॅच घ्यायच्या आधी

जूनला आपल्या ख्रिस्ती लीडरशिप ट्रेनिंगची नवीन बॅच घ्यायचीये, पण बॅनर आणि वर्कबुक छापायला टाकायच्या आधी मागच्या तीन वर्षांची हजेरीची रजिस्टरं काढा आणि प्रत्येकाला फोन लावा, मेसेज नको, फोनच. मी सुरुवात केलीये. भोसरीत कंपनीत असलेला एक मुलगा आपल्या रिपोर्टमध्ये "तयार झालेला लीडर" म्हणून धरलाय, त्याच्या घरी गेलो तर सर्टिफिकेट लॅमिनेशन करून टीव्हीच्या वर लावलेलं आणि तो म्हणाला, दादा, हे दिलं त्यानंतर कुणी विचारलंच नाही, बाबा वारले तेव्हापण नाही. त्याच्या आईने चहा आणून ठेवला, माझ्या घशाखाली उतरेना. चुकलंय आपलं.

मग जागा ठरवा, बाराच. हॉल शंभराचा असला तरी. बायबलमध्ये योहान 6 मध्ये प्रभू येशूने पाच हजारांना जेवू घातलं आणि त्याच अध्यायात पुढे पुष्कळ शिष्य सोडून गेले, तेव्हा त्याने शिकवण सोपी करून कुणाला थांबवलं नाही, उलट बारा जणांनाच विचारलं की तुम्हीपण जाता का. गिदोन लढाईला निघाला तेव्हा त्याचे 32000 होते ते देवाने 300 वर आणले. चार ट्रेनर आहेत, म्हणजे एकेकाकडे तीन जण, आणि ट्रेनरने महिन्यातून एकदा तरी त्यांच्या घरी जेवायला बसायचं, घर बघितल्याशिवाय माणूस कळत नाही. चाकण-भोसरीवाल्यांच्या शिफ्टा आधी विचारा, टाइमटेबल नंतर. त्यांच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकांनापण आधीच भेटून घ्या.

रिपोर्टचा फॉर्म बदलायचाय, हे मोठं काम आहे. "किती शिष्य केले" हा रकाना काढा, कारण मत्तय 28 मध्ये शिष्य करा म्हटल्यावर पुढे जे आज्ञापिलं ते सगळं पाळायला शिकवा असं आहे, आणि पाळणं काही तीन दिवसांच्या सेमिनारमध्ये दिसत नाही. त्याजागी नावानिशी लिहा, कुणाचं भावाशी बंद पडलेलं बोलणं सुरू झालं, कोण घरी बायकोमुलांबरोबर प्रार्थनेला बसतो, दानाच्या पैशाचा हिशोब कोण चोख देतो. 2 तीमथ्य 2:2 मध्ये पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं आणि ती ज्यांना शिकवतील ते, अशा चार पिढ्या आहेत, तेव्हा आपण शिकवलेला पुढे कुणाला शिकवतोय का हे वर्षभराने बघा, आधी विचारूच नका. मदत पाठवणाऱ्यांना एप्रिलमध्येच पत्र टाका, यंदा आकडा कमी येईल आणि का ते स्पष्ट लिहा, एखाद्याने हात आखडता घेतला तरी आपण कमी खर्चात करू.

पहिल्याच महिन्यात सगळ्यांना दौंडच्या गाडीने केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला न्यायचं, डबे घरून. 1896-97 च्या दुष्काळातल्या मुलींना रमाबाईंनी तिथे आणलं, त्यांच्यातच राहून लिहायला-वाचायला शिकवलं, विणकाम, छपाई शिकवली, त्याला किती वर्षं लागली ते पोरांना तिथे बसून सांगू.

रजिस्टरमधली कुठली नावं कुणाकडे ते बुधवारी प्रार्थनेनंतर वाटून घेऊ, भोसरीचा मुलगा माझ्याकडे, रविवारी उपासना झाली की परत जातोय.