मेलेल्या शिंपल्यांवरून जिवंत समुद्रतळाचा अंदाज कसा बांधायचा

भरतीच्या रेषेवर साचलेला शिंपल्यांचा पट्टा फोटोला छान. पण तळावरच्या जिवंत आणि मेलेल्या शिंपल्यांची तुलना करायची असेल, तर मोजणीसाठी मी त्याला हात लावत नाही. लाटा वजन आणि आकार बघून माल आणतात, त्यामुळे खडकाला चिकटून वाढलेलं कालव आणि वाळूत पुरून राहणारा शिंपला एकाच ओळीत पडलेले दिसतात. एकाच जातीचे डावे अर्धे एकीकडे आणि उजवे दुसरीकडे, असंही होतं. प्राणी जिथे राहतात तिथलीच, म्हणजे ओहोटीच्या रेषेखालची वाळू किंवा चिखल घ्या. जिवंत आणि मृत दोन्ही त्याच नमुन्यातून मोजायचे, ही अट मी कधीच सैल करत नाही. एकच मोठा ढीग उपसण्यापेक्षा थोड्या थोड्या अंतरावरून सारख्या मापाचे बरेच नमुने घेतलेले बरे, कारण जिवंत प्राणी तळावर घोळक्याने राहतात.

चाळणीचा आकार आधीच ठरवा. मी २ मिलिमीटरची वर आणि १ मिलिमीटरची खाली लावते आणि दोन्हींचे आकडे वेगळे लिहिते. बारीक चाळणीत नुकतीच तळाला बसलेली पिल्लं सापडतात. आज ती हजारोंनी असतील आणि पुढच्या महिन्यात त्यातलं एखादंच उरलं असेल. अशा गर्दीची मृत शिंपल्यांशी तुलना केली की जुळणी उगाच वाईट दिसते. जाड चाळणीत उरलेल्यांचं मृतांशी बरंच चांगलं जुळतं, हे अनेक ठिकाणच्या आकडेवारीत दिसलं आहे.

मग दोन ट्रे घ्या. जिवंतांच्या ट्रेमध्ये समुद्राचंच पाणी ठेवा, मोजून झालं की त्यांना परत सोडा. आत मांस आहे का, एवढंच बघायचं. हर्मिट खेकडा (दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा खेकडा) बसलेला शंख चालताना दिसला तरी तो मृतांच्या ट्रेत जातो, आणि त्यापुढे मी एक खूण करते. खेकड्याने तो कुठून पाठीवर वाहून आणला, काय सांगावं!

मृतांची मोजणी हे खरं किचकट काम. तुकडे मोजत बसलात तर पातळ कवचाची, सहज फुटणारी जात उगाच पहिल्या नंबरावर जाते. शिंपल्याचा बिजागरीकडचा भाग शाबूत असेल किंवा शंखाचं टोक असेल, तरच मोजा. डावे आणि उजवे अर्धे वेगळे मोजून जो आकडा मोठा तो धरा, किंवा बेरीज करून दोनाने भागा. दोन्ही पद्धती चालतात, फक्त मध्येच बदलू नका. गोल, नीट कोरलेलं भोक दिसलं तर तेही लिहा. ते बहुधा शिकारी गोगलगायीचं काम असतं आणि शिंपला कसा मेला याचा तो पुरावा.

झिजलेला म्हणजे जुना आणि चकचकीत म्हणजे नवा, असं मात्र धरू नका. लवकर गाळात गाडला गेलेला शिंपला शेकडो वर्षं ताजा दिसू शकतो आणि उघड्यावर पडलेला थोड्याच काळात खडूसारखा होतो. खरं वय कळायला रेडिओकार्बन (कवचातल्या किरणोत्सारी कार्बनची मोजणी) किंवा कवचातल्या अमिनो आम्लांची तपासणी लागते. एकाच नमुन्यात गेल्या वर्षीचा आणि हजार वर्षांपूर्वीचा शिंपला शेजारी शेजारी सापडणं यात नवल काही नाही. म्हणूनच जिवंतांची मोजणी ही एका दिवसाची हजेरी आणि मृतांची मोजणी हा जुन्या हजेरीपटांचा गठ्ठा, तोही पानं सुटलेला.

यामुळे मृतांमध्ये जाती जास्त निघणारच, त्याने गडबडू नका. मी आधी क्रम बघते: जिवंतांमधल्या पहिल्या पाच-सहा जाती मृतांमध्येही वरच आहेत का? स्पिअरमनचा क्रम-सहसंबंध, म्हणजे दोन क्रम किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढायला कुठलीही स्प्रेडशीट पुरते. जातींच्या यादीची जुळणी वेगळी काढा. दोन्ही एकाच आकड्यात कोंबण्याचा मोह होतो, पण त्यातून काहीच कळत नाही.

क्रम जुळला नाही तर आधी दोन साधी कारणं तपासा. पहिलं आयुष्य: वर्षभरात मरणारी जात वीस वर्षं जगणाऱ्या जातीपेक्षा कितीतरी जास्त कवचं मागे टाकते, जिवंत संख्या सारखी असली तरी. दुसरं कवच, म्हणजे ते चुन्याच्या कुठल्या खनिजाचं आहे: अ‍ॅरागोनाइटचं पातळ कवच लवकर विरघळतं, कालवाचं कॅल्साइटचं कवच टिकतं.

ही कारणं पुरत नसतील तर मात्र कान टवकारा. अमेरिकेतल्या पुराजीवशास्त्रज्ञ सुझन किडवेल यांनी २००७ मध्ये जगभरातल्या अशा तुलना एकत्र करून दाखवलं की, माणसाचा फारसा हात न लागलेल्या तळांवर जिवंत-मृत जुळणी चांगली असते. सांडपाण्याने पोषकद्रव्यं वाढलेल्या किंवा तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी मासेमारी होते अशा जागी ती बिघडते. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या उथळ समुद्रात आज चिखल आहे, पण त्यातल्या मृत कवचांमध्ये ब्रॅकिओपॉड (शिंपल्यासारखीच दोन कवचं असलेले, पण वेगळ्या गटातले समुद्री प्राणी) भरपूर आहेत. त्यांची वयं काढली तेव्हा कळलं की ती वस्ती एकोणिसाव्या शतकात कोसळली, आणि संशय गेला जमिनीवरच्या गुराढोरांच्या चराईमुळे वाहून आलेल्या गाळाकडे. मेक्सिकोत कोलोरॅडो नदीच्या मुखाशी तर मृत शिंपल्यांचे बांधच्या बांध आहेत. धरणांनी पाणी अडवण्यापूर्वी तिथे चौरस मीटरला सुमारे ५० शिंपले जगत असावेत, असा अंदाज २००० साली मांडला गेला, आणि तेव्हाचा जिवंत आकडा जेमतेम ३ होता. जुन्या नोंदी नसलेल्या जागी इतकं सांगणारं दुसरं काही मला माहीत नाही.

मृदू अंगाच्या किड्यांबद्दल ही पद्धत जवळजवळ गप्प असते. ते मेल्यावर मागे काही ठेवत नाहीत, त्यामुळे शिंपल्यांवरून संपूर्ण तळाबद्दल बोलताना जपून बोला.

मोजून झालेले मृत शिंपले टाकून देऊ नका. पिशवीत जागा, खोली, तारीख आणि चाळणीचं माप पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी घाला. शाई ओलीत पसरते. पुढे वयं काढायची वेळ आली, तर कुठली कवचं निवडायची ते या चिठ्ठीवरूनच ठरतं.