पहिला डेस्कटॉप स्वस्तात घ्यायचाय? आधी ऑफिसातून निघालेले डबे बघा

पहिल्यांदा कॉम्प्युटर घ्यायला निघालेल्या माणसासमोर दुकानदार बहुतेक वेळा ‘फुल सेट’ मांडतो: रंगीत दिव्यांचं कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, सगळं एका किमतीत. आत कितव्या जनरेशनचा (पिढीचा) प्रोसेसर, म्हणजे सगळं काम करणारी मुख्य चिप आहे हे विचारलं की उत्तर येतं, ‘आय५ आहे ना, मग झालं.’ त्याच पैशात मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेला डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा एलिटडेस्क किंवा लेनोवोचा थिंकसेंटर मिळू शकतो. दिसायला काळा, अगदी कंटाळवाणा डबा. पण बजेट कमी असेल तर माझं मत ठामपणे त्याच्याच बाजूने आहे. नवख्याला तो रोजच्या कामाला पुरतो. हौशी माणसाला तो उघडून बघायची भीती वाटत नाही, कारण काही बिघडलंच तरी फार पैसे बुडत नाहीत.

१. पैसे आधी वाटून घ्या

सगळे पैसे डब्यावर उडवू नका. वीस हजार हातात असतील तर डब्याला निम्मे, फार तर बारा हजार. उरलेल्यात मॉनिटर, एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी वेगवान साठवण), वायफाय डोंगल आणि जमल्यास यूपीएस. डोंगल मुद्दाम लिहिला, कारण ऑफिसात नेटची वायर असते आणि अशा बऱ्याच डब्यांत वायफाय नसतंच. घरी आणल्यावर हे कळलं की चिडचिड होते.

२. जनरेशन वाचायला शिका

इंटेलचा आय५-६५०० प्रोसेसर म्हणजे सहावी जनरेशन, आय५-८५०० म्हणजे आठवी. ‘आय५’ या शब्दाला एकट्याने फारसा अर्थ नाही. आठवीच्या खाली शक्यतो उतरू नका, आणि त्याला दोन कारणं आहेत. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या जनरेशनपासून चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुसरं म्हणजे सातवीपर्यंत डेस्कटॉप आय५ मध्ये चार कोअर (एकाच चिपमधले काम करणारे भाग) असायचे, आठवीत ते सहा झाले.

दुकानात मॉडेल नंबरवरूनही अंदाज येतो. ऑप्टिप्लेक्स ३०६०, ५०६०, ७०६० हे आठवीवाले. ३०५०, ५०५०, ७०५० त्याआधीचे. एलिटडेस्क ८०० मध्ये ‘जी४’ शोधा, थिंकसेंटरमध्ये एम७२० किंवा एम९२०. सहावीचा डबा फारच स्वस्त मिळत असेल आणि तुम्ही विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स वापरणार असाल तर गोष्ट वेगळी. लिनक्स मिंट त्यावर छान चालतं.

३. डब्याचा आकार ठरवा

पुस्तकाएवढा छोटा डबा टेबलावर सुरेख दिसतो, पण त्यात लॅपटॉपची रॅम (चालू कामासाठीची मेमरी) लागते आणि ग्राफिक्स कार्डाला सहसा जागाच नसते. मधल्या आकाराच्या डब्यात अर्ध्या उंचीचं कार्ड बसतं, तेही स्लॉटमधून मिळणाऱ्या जास्तीत जास्त ७५ वॅटवर चालणारं. पुढे गेमिंगचा विचार असेल तर मोठा टॉवर घ्या. तरीही पॉवर सप्लाय कंपनीच्या खास मापाचा असतो, बाजारातला कुठलाही उचलून बसत नाही, हे लक्षात असू द्या.

४. दुकानात बसून तपासा

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जा किंवा आपल्या गावातल्या दुकानात, हा अर्धा तास वाचवू नका. डबा बंद असताना सुरू करायला सांगा. आधीच चालू ठेवलेला बघू नका. सुरू होताना डेलवर एफ२, एचपीवर एफ१०, लेनोवोवर एफ१ दाबलं की बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीचा मशीनचा सेटिंगचा पडदा उघडतो. तिथे पासवर्ड मागितला तर तो दुकानदाराकडून काढून घ्या. ‘नंतर काढून देतो’ म्हणाला तर दुसरा डबा बघा. तारीख चुकलेली दिसली तर घाबरू नका, बहुधा सीआर२०३२ ची बटणासारखी बॅटरी संपलेली असते आणि ती सहज मिळते.

मग विंडोजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं, मेमरीत रॅमचे किती स्लॉट भरलेत तेही दिसतं. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन बघा. ‘डिजिटल लायसन्स’ असं असेल तर बरं. जुगाड करून चालू केलेलं विंडोज काही महिन्यांनी पुन्हा किल्ली मागू शकतं.

सोबत एक पेन ड्राइव्ह आणि इअरफोन न्या. प्रत्येक यूएसबी पोर्टात पेन ड्राइव्ह घालून बघा, पुढच्या पोर्टांत तर नक्की, कारण ऑफिसात सगळा मारा त्यांच्यावरच झालेला असतो. यूट्यूबवर मोठा व्हिडिओ दहा मिनिटं चालवून पंखा घरघरतो का ते ऐका. मागच्या बाजूला डिस्प्लेपोर्ट असतो, एचडीएमआय असेलच असं नाही. मॉनिटरप्रमाणे वायर तिथेच मागून घ्या.

बिलावर सीरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. तोंडी वॉरंटी धरू नका.

५. घरी आणल्यावर

आत जुनी हार्ड डिस्क असेल तर पहिला खर्च एसएसडीचा. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास वाचते, हार्ड डिस्क शे-दीडशेवर अडखळते. डबा तोच, पण विंडोज सुरू व्हायची वाट बघणं संपतं.

रॅम आठ जीबीची एकच पट्टी असेल तर तेवढीच दुसरी घाला. या डब्यांत वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतं, त्यामुळे दोन पट्ट्यांचा फायदा चित्रावरही दिसतो. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या प्रकारांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, चुकीची पट्टी बसतच नाही. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांबा आणि खाच बघा. उघडण्याआधी वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. पट्टी दोन्ही कडांना धरून सरळ खाली दाबली की बाजूची खिटी ‘टक्’ करून बसते.

हे सगळं वॉरंटीच्या मुदतीतच उरका, फक्त झाकण उघडलं तर वॉरंटी जाते का हे दुकानातच विचारून ठेवा. काही दुकानदार मागे स्टिकर लावतात. तसं असेल तर एसएसडी आणि रॅम त्यांच्याकडूनच बसवून घ्या आणि बसवताना शेजारी उभे राहा.